गीत : पारंपरिक

शुक्रवारी आमच्या बसमध्ये झोपायची सोय नाही. एरवी काळेवाडी फाट्याला बसमध्ये चढलं आणि खिडकीला डोकं टेकवलं, की मोशीपर्यंत छान डोळा लागतो. शुक्रवारी मात्र नाशिक फाटा यायच्या आत मागून कोणीतरी ओरडतंच, "मिनलताई, काय वर, काय खाली?" झालं. माझ्या झोपेचं खोबरं.

मग मिनल उठते. एका हातानं वरचा दांडा धरते, दुसऱ्या हातात मोबाईल. "हळदीचं ते नवीन गाणं सोळावरून सहावर. कोळीगीत जागच्या जागी. मागच्या आठवड्यात पहिला होता तो रॅपवाला आपटला, थेट अकरावर." कटिंग सेक्शनची पोरं त्या रॅपवाल्याच्या बाजूची, ती कपाळाला हात लावतात. असेंब्लीच्या पोरी टाळ्या पिटतात. ड्रायव्हर आरशातून बघत गाडी चालवतो, आणि माझा जीव वरखाली होतो. कंपनीत पोचेपर्यंत हाच तमाशा.

प्रकार असा आहे. गाण्यांचं एक ॲप आहे. त्यावर दर गुरुवारी संध्याकाळी यादी बदलते. आठवडाभरात लोकांनी कुठलं गाणं जास्त ऐकलं, त्यावरून पहिली पन्नास. मराठीची यादी वेगळी, हिंदीची वेगळी, इंग्रजीची, त्या गोऱ्यागोमट्या कोरियन पोरांची आणखी वेगळी. मिनल सगळ्या बघते. आणि कहर म्हणजे, ती गाणी ऐकतेच असं नाही! मी एकदा वैतागून विचारलं, "अगं, ऐकत नाहीस तर मग कुठलं गाणं कुठं गेलं याच्याशी तुला काय करायचंय?" तर म्हणते कशी, "मावशी, क्रिकेटचा स्कोअर बघणारे सगळे काय बॅट घेऊन पळतात का?" कपाळ माझं!

मी इंदू. मला अख्खी बस इंदुताई म्हणते, मिनल तेवढी मावशी. चाकणला गाड्यांच्या वायरींचे जुडगे बनवायची कंपनी आहे, तिच्या कँटीनला मी चपात्या लाटते. मिनल ओव्हाळ तिथंच तपासणीला आहे. वायर ओढून बघायची, टोपी नीट बसली का बघायची, आणि बसली नसेल तर लाल चिठ्ठी लावून बाजूला ठेवायची. चाळिशीला टेकलीय. लग्न केलं होतं, जमलं नाही, परत आली. विषय संपला. त्यावर कोणी खोदून विचारलं तर मीच त्याला फाडून खाते.

तिला हे यादीचं वेड लागलं ते माझ्या उंबऱ्यावर, म्हणून बोलायचा हक्क माझा. तिची आई भिमाबाई धुणीभांड्याला जायची, बाप कोंडीराम पिंपरीच्या एका कंपनीत प्रेसशॉपला. पोरगी घरात एकटी. आमच्याकडं टीव्ही होता, त्यावर दर आठवड्याला गाण्यांची क्रमवारी लागायची. ही उंबऱ्यावर बसून तोंडाचा आ करून बघायची. गाणं लागलं की लक्ष नाही, नंबर सांगायला लागले की मान ताठ. "मावशी, हे वर चढलं. मावशी, हे पडलं बिचारं." बिचारं म्हणायची हो, गाण्याला! भिमाबाई गेली तेव्हाही पोरगी दिवसभर कोणाशी बोलली नाही, आणि संध्याकाळी माझ्याकडं येऊन म्हणाली, "मावशी, टीव्ही लावतेस? नंबर बघायचेत." मी लावला.

आता तर तिला यादीवरून महिना कळतो. फेब्रुवारीत शिवजयंतीची गाणी चढतात. मार्च संपता संपता भीमगीतं येतात. उन्हाळाभर हळद आणि वरात, मग गणपती, मग देवीची. ती म्हणते, "मावशी, एप्रिलचं गाणं मे महिन्यात टिकत नाही. कितीही वर जाऊ दे. जयंती झाली, मिरवणुका झाल्या, की लोकांचा हात दुसरीकडं वळतो." हे तिनं मला दरवर्षी सांगितलंय. मी दरवर्षी एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं. यंदा मात्र ते वाक्य माझ्या छातीत बसलं.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारची गोष्ट. मिनल उभी राहिली, पहिली दहा सांगून झाली. मग म्हणाली, "नवीन एंट्री, एक्केचाळीसवर. 'सुट्टी द्या हो सायेब', डीजे भीमराज." तिनं ते नुसतं वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. मागच्या सीटवरच्या पोरानं मोबाईलवर ते जोरात लावलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"सुट्टी द्या हो सायेब, सुट्टी द्या
बापाची माझ्या जयंती हाय
हाजरी कापा, खाडा मांडा
मशीन थांबंल, मी थांबणार न्हाय"

आवाज कुठल्यातरी पोराचा, खाली धडाधड ठोके. पण शब्द? शब्द कोंडीरामचे! मी मिनलकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं. दांडा सोडून ती माझ्या शेजारी येऊन बसली.

या गाण्याची कूळकथा मला तोंडपाठ आहे, कारण मी त्याच्या कोरसला होते. कोंडीराम तेव्हा भरात होता. दिवसा प्रेसवर पत्रे ठोकायचा, संध्याकाळी आम्हाला गोळा करून गाणी बसवायचा. एका वर्षी त्यानं जयंतीची सुट्टी मागितली. सुपरवायझरनं मान वर न करता विचारलं, "कोण गेलं?" हा म्हणाला, "गेलं न्हाई कुणी, जयंती हाय." "कोणाची?" "माझ्या बापाची." तर तो मेला हसून म्हणतो, "मग बापाला सांग, पुढच्या खेपेला रविवारी जन्माला ये." त्या संतापात कोंडीरामनं हे गाणं बांधलं. एक कॅसेट निघाली होती, ती कॅसेटींबरोबरच गेली. पण गाणं राहिलं. आमच्या वयाच्या बायका अजून भांडी घासताना ते म्हणतात.

आणि आमच्यात एक रीत आहे. गाणं बांधणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. ती त्याची सही. कोंडीरामनंही घातलं होतं:

"प्रेसशॉपचा कोंडीराम सांगे
सायेब, का उभे दारामागे
या की बाहेर, हार घाला
बाप तो तुमचाबी हाय"

बसमध्ये वाजलं त्यात हे कडवं नव्हतंच. दोन कडवी झाली, ठोके झाले, संपलं. मिनलनं गाण्याच्या नावाखालची बारीक अक्षरं उघडली. संगीत : डीजे भीमराज. गीत : पारंपरिक.

आता हा डीजे भीमराज कोण? पिंपळे गुरवचा. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा! एका बारशात मी गाणं म्हणत होते, तेव्हा हा शहाणा कोपऱ्यात मोबाईल धरून बसला होता. मला वाटलं मावशीचं कौतुक चाललंय. मी त्याला तिथल्या तिथं, बसमधूनच फोन लावला. उचलेना. जयंतीचा सीझन, डीजेला कुठली सवड!

गाणं का चढलं ते सांगते. जयंतीचं होतं म्हणून चढलंच, पण दुसरंही झालं. चाकणपासून हिंजवडीपर्यंत ज्याला त्याला सुट्टी हवी असते. पोरापोरींनी त्या ओळीवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. कोणी लॅपटॉप मिटतंय, कोणी हातमोजे काढून फेकतंय, मागं "सुट्टी द्या हो सायेब". आमचे लाईन इंजिनिअर गुरुदत्त सर, त्यांच्या मोबाईलची रिंगसुद्धा तीच. पुढच्या गुरुवारी गाणं थेट नऊवर.

तोवर मिनलनं बापाला काही सांगितलं नव्हतं. तिला आधी नाव नीट करून घ्यायचं होतं. पण नऊ नंबर बघितल्यावर तिच्या पोटात मावेना. मी त्यांच्याकडंच होते. कोंडीराम खाली बसून कोणाचा तरी मिक्सर उघडून बसला होता. सत्तरी ओलांडली तरी हात स्वस्थ नाहीत. मिनल म्हणाली, "बाबा, तुमचं गाणं टॉप टेनमध्ये आलंय!"

म्हाताऱ्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. चेहरा खर्रकन उतरला. म्हणाला, "काय बिघडलं त्यात?"

आम्हाला काही कळेना. मग मिनलच्या लक्षात आलं आणि ती हसायला लागली. आमच्याकडं कंपनीत टॉप टेन म्हणजे रिजेक्शनची यादी! ज्या पार्टमध्ये जास्त खोट निघाली तो पहिला, मग दुसरा, असे दहा, गेटजवळच्या बोर्डावर सगळ्यांना दिसतील असे. कोंडीरामच्या प्रेसचा एक पार्ट एकदा पहिल्या नंबरला लागला होता. डाय, म्हणजे साचाच तडकलेला, त्यात याचा काय दोष? पण रोज आत जाताना लोक बोर्ड बघायचे आणि याच्याकडं बघायचे.

"हसू नको," तो म्हणाला. "लय वंगाळ असतंय ते. एकदा नाव लागलं की निघत न्हाई. दुरुस्ती व्हाया लागती, मग तपासणीवाला येतो, सही करतो, तवा कुठं बोर्डावरनं काढत्यात."

मिनलनं त्याला समजावलं. ही यादी उलटी, इथं पहिला नंबर म्हणजे मान, लाखो लोक तुमचं गाणं ऐकतायत. आणि यादी दहाची नाही, पन्नासची आहे. "तेच की, टॉप टेन," तो म्हणाला. पण त्याला ते हळूहळू उमगलं. बाही वर करून तोंड पुसलं. मोबाईल हातात घेतला, गाणं ऐकलं, पायानं ठेका धरला. मी मनात म्हणलं, बरं झालं, आता विषय इथंच थांबू दे. तो कुठला थांबायला!

"लिवणाऱ्याचं नाव कुठंय?" त्यानं विचारलं.

त्यानं चष्मा लावला आणि स्वतःच अक्षर अक्षर जुळवत वाचलं. "पा-रं-प-रिक." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "इंदे, हा पारंपरिक कोण? कुठला हाय?"

खोटं कशाला बोलू, मला आधी फिस्सकन हसू आलं. मिनलनं सांगितलं, "बाबा, ते आडनाव नाही. ज्या गाण्याचा लिहिणारा कोण ते माहीत नसतं, फार जुनं असतं, त्याला पारंपरिक म्हणतात."

"म्हंजी लिवणारा मेला."

"तसं नाही बाबा."

"तसंच की. मी हितं बसलोय आन् मला मेलेल्यात काढला." त्यानं मोबाईल खाली ठेवला, मिक्सरचं झाकण लावलं. आवाज चढवला नाही काही नाही. म्हणाला, "मला जयंतीला यायचं न्हाई औंदा." काळेवाडीतून पिंपरीच्या पुतळ्यापर्यंत चालत जाऊन वंदन करायचा त्याचा नेम मी तरी मोडलेला बघितला नव्हता. मला त्याची अशी दया आली आणि त्या भाच्याचा असा राग आला, की मी तिथूनच उठले आणि रिक्षा केली.

पिंपळे गुरवला भीमराज स्पीकरांच्या भिंतीआड बसला होता. कानांवर ते मोठे हेडफोन. मी ते ओढून काढले. "मावशी! तू?" म्हणाला. मी म्हणलं, "मावशी नाही, पारंपरिक म्हण. मीपण जुनीच आहे." बिचाऱ्याला काही कळेना. मग मी तिथं उभ्याउभ्या शेवटचं कडवं म्हणलं, सगळं, नावासकट.

"हे मी कापलं होतं," म्हणाला. "लांबत होतं गं. लोक दोन कडव्यांनंतर पुढं ढकलतात."

"कापलंस ते त्याचं नाव होतं, गाढवा! तो माणूस जिवंत आहे. काळेवाडीत माझ्या समोरच्या घरात राहतो. माझ्या गळ्यातून गाणं उचललंस, तर मावशी हे कोणाचं, एवढं विचारायला तुझं तोंड शिवलं होतं?"

पोरगा वाईट नाही. आहे घाईचा. त्यानं कान धरले. पण लगेच म्हणाला, नाव बदलणं आपल्या हातात नाही. गाणं ज्या एजन्सीमार्फत ॲपवर जातं, तिला कळवायचं, ती तपासणार, मग ॲपला कळवणार. आठवडे लागतात. मी म्हणलं, "आत्ता कळव. माझ्यासमोर." त्यानं कळवलं. माझ्यासमोर. आणि कापलेलं कडवं परत जोडायचा शब्द दिला.

तिथून पुढं मिनलचे गुरुवार बदलले. आधी ती नुसता नंबर बघायची, आता नंबर बघायची आणि बारीक अक्षरं बघायची. मला सांगायची, "मावशी, एकदा तरी यादीत त्यांचं नाव दिसू दे. एक आठवडा. मग पडू दे हवं तेवढं." तिला ठाऊक होतं ना, एप्रिलचं गाणं मे महिन्यात टिकत नाही. घरी म्हातारा एकच प्रश्न विचारायचा. कितवं आलं हे नाही. "दुरुस्त झालं का?"

"नाही बाबा अजून."

"बरं," म्हणायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा.

जयंतीच्या आठवड्यात गाणं दोनवर. पिंपरीच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि प्रत्येक गाडीवर तेच वाजत होतं. कोंडीराम घरीच. मी शप्पत सांगते, निळा फेटा बांधून मी तिथं उभी होते आणि मला रडू येत होतं. तेवढ्यात भीमराजची गाडी आली. मला बघितल्यावर त्यानं ठोके थांबवले, वर ओढून घेतलं आणि माईक हातात दिला. मी शेवटचं कडवं उचललं. माझा आवाज राहिलाय कुठं? पण "प्रेसशॉपचा कोंडीराम" म्हणलं आणि खालून म्हाताऱ्या बायकांनी, रिटायर झालेल्या माणसांनी ते धरलं. सगळ्यांना पाठ! मिनलनं फोन लावून मोबाईल हवेत धरला, बापाला ऐकू जावं म्हणून.

खाली उतरल्यावर मी फोन घेतला. "ऐकलंस का कोंडीरामभाऊ?"

"ऐकलं," पलीकडून आवाज. "तुझा वरचा सूर लागत न्हाई आता, इंदे."

"मेल्या, लोक तुझं नाव गात होते!"

"ते ऐकलं की. बरं वाटलं." मग म्हणाला, "पर ते त्यांनी तोंडानं म्हणलं. बोर्डावर काय लिवलंय?"

प्रेसशॉपमध्ये जन्म गेलेला माणूस. बोर्डावर लिहिलंय तेच खरं.

भीमराजनं चौकातला व्हिडिओ एजन्सीला पाठवला, बघा म्हणून. एजन्सीचं उत्तर आलं, विनंती पुढं पाठवली आहे. पुढं म्हणजे कुठं ते त्यांनाच माहीत. पुढच्या गुरुवारी गाणं नऊवर. गीत : पारंपरिक.

त्या शुक्रवारी बसमध्ये सगळ्यांना गोष्ट कळली होती. कटिंग सेक्शनची पोरं म्हणाली, "ताई, टेन्शन नको. आपण सगळे गाणं चालू ठेवू, दिवसभर. खाली येऊच द्यायचं नाही." मिनलला हा प्रकार अजिबात आवडत नाही. मागं त्या रॅपवाल्यासाठी याच पोरांनी असं केलं होतं, तेव्हा तिनं त्यांना झापलं होतं, नंबर बघायचा असतो, ढकलायचा नसतो म्हणून. ती खिडकीबाहेर बघत बसली. भोसरी गेलं. मग मान न वळवता म्हणाली, "लावा."

बाई बाई बाई! काळेवाडी ते चाकण आणि चाकण ते काळेवाडी, बसमधला एकूण एक मोबाईल तेच गाणं वाजवतोय, प्रत्येकाचं वेगळ्या ओळीवर. कँटीनमध्ये भांडेवाल्या पोरी तेच. गुरुदत्त सरांनीही डबा खाताना मोबाईल टेबलावर ठेवून चालू केलं आणि आजूबाजूला बघत बसले. मला स्वप्नातसुद्धा सुट्टी मागायला लागले लोक. आणि गुरुवारी यादी आली, तर गाणं एकतीसवर. एका बसनं काय होतंय हो! तिकडं लाखो लोक हळदीला लागले होते. नाव तेच, पारंपरिक.

मिनल त्या दिवशी माझ्याकडं येऊन बसली. चहा दिला, तो निवला. म्हणाली, "मावशी, मी इतकी वर्षं गाणी पडताना बघितली. मजा म्हणून सांगत बसायचे. पडलं, आपटलं, घसरलं. आता माझ्या बापाचं पडतंय तर बघवत नाही." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच्या पुढचा गुरुवार. पहिल्या पन्नासात गाणं नाही. तिनं यादी वरून खाली बघितली, खालून वर बघितली. नाहीच. आणि तासाभरात भीमराजचा मला फोन, आनंदानं ओरडत, "मावशी, आलं! नाव आलं!"

आम्ही दोघींनी गाणं शोधून काढलं. संगीत : डीजे भीमराज. गीत : कोंडीराम ओव्हाळ. त्यानं शब्द पाळला होता, शेवटचं कडवंही जोडलं होतं, चौकातलं, माझ्या बेसूर आवाजातलं. पण मिनलचा चेहरा बघवत नव्हता. नाव आलं ते यादीतून गाणं गेल्यावर. एका आठवड्यानं चुकलं. "आता कोण बघणार?" ती म्हणाली. "बाबांना काय सांगू? तुमचं नाव लागलं, पण बोर्डच काढून नेला?" मी म्हणलं, चल, मी येते, दोघी मिळून सांगू. वाटेत ठरवलं, आधी नाव सांगायचं, यादीचं बोलायचंच नाही.

कोंडीराम दारातच बसला होता. गुरुवार त्यालाही आता कळायला लागला होता. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यानं विचारलं, "टॉप टेनमध्ये हाय का अजून?"

झालं. मिनलच्या डोळ्यांत पाणी. तिला खोटं बोलता येत नाही, तपासणीत आयुष्य गेलंय. म्हणाली, "नाही बाबा. निघालं."

"आन् नाव?"

"नाव आलं. आजच आलं." तिनं मोबाईल पुढं केला. त्यानं चष्मा लावला, अक्षरावर बोट ठेवत वाचलं. कोंडीराम ओव्हाळ. परत एकदा वाचलं. मिनल रडत म्हणत होती, "उशीर झाला बाबा, आठवडाभर आधी यायला पाहिजे होतं, आता यादीत कुठंच..."

"येडी का काय तू?" म्हातारा म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता, असा मी तो भिमाबाई होती तेव्हाच बघितला होता. "कंपनीत कामाला हायेस ना? खोट होती तवर बोर्डावर होतं. दुरुस्त झालं. मंग निघणारच की! दुरुस्त झालेलं कुणी टॉप टेनमध्ये ठेवतंय व्हय?"

मिनल त्याच्याकडं बघतच राहिली. मग रडता रडता हसायला लागली, तिला थांबवेना. मी पदर तोंडाला लावला.

"तपासणीवाली तूच ना?" तो म्हणाला. "कर मंग सही."

तिनं त्याचा तळहात ओढून घेतला आणि त्यावर बोटानं सही केली. तो म्हणाला, गुदगुल्या होतायत, आणि कोणीतरी चहा टाका.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नाशिक फाट्याला मागून ओरडा झालाच, "मिनलताई, काय वर, काय खाली?" मिनल उठली, दांडा धरला. हळदीचं पहिल्यावर, कोळीगीत तिसऱ्यावर, रॅपवाला परत वर चढतोय. पोरांनी टाळ्या पिटल्या. सांगून झाल्यावर ती खाली बसली नाही.

"आणि दुरुस्त झालेलं, एक," ती म्हणाली.

पुढं मोशीपर्यंत मी जागीच होते.